समजून घ्या : ‘बायू’ म्हणजे दलदल नव्हे, खाजण म्हणजे खराबा नव्हे

इंग्रजी चित्रपटांत लुइझियानाची दलदल दिसली की ‘बायू’ हा शब्द हमखास कानावर पडतो. इंग्रजीत तो फ्रेंचांकडून आला. पण मूळचा फ्रेंचांचाही नव्हे. मिसिसिपीच्या मुखाकडे वसाहती करताना त्यांनी तो तिथल्या चॉक्टॉ आदिवासींकडून उचलला. त्यांच्या भाषेत ‘बायुक’ म्हणजे लहान ओहोळ. सपाट प्रदेशातून संथ वाहणारा, कधी भरतीबरोबर उलटा वळणारा पाण्याचा फाटा. बाहेरच्यांनी तो सरसकट दलदलीला चिकटवला.

मालवणकराला हे समजावून सांगायला नको. कर्ली, कोळंब, आचरा या खाड्यांचे पाणी असेच माडांच्या मागून आत शिरते. काठच्या भरती-ओहोटीच्या जमिनीला आपण खाजण म्हणतो. बंधारा घालून पिकाखाली आणली की ती खारभूमी. झाडे कांदळ, तिवर, चिपी. इतके नेमके शब्द असताना पर्यटनाच्या पाट्यांवर ‘बॅकवॉटर’ असते. असू दे, गिऱ्हाइकाला कळेल ते नाव लावायचे. खरी अडचण दुसऱ्याच शब्दाची आहे. लागवड न होणारी जमीन सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदते. जिथे कुर्ल्या पोसतात, कालवे मिळतात, माशांची पिल्ले मुळांच्या आडोशाला वाढतात, ती जागा कागदावर खराब! मग भराव घालणाऱ्याला आपण जमीन सुधारतोय असे वाटले तर नवल काय?

कायदा या समजुतीच्या पुढे गेला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला बंदी घातली. सार्वजनिक हिताचे अपवाद वगळता खासगी जागेतील कांदळवनही तोडता येत नाही. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे.

लुइझियानाने नदीला तटबंध घालून गाळ अडवला, तेलासाठी दलदलीतून कालवे खणले. १९३२ ते २०१६ या काळात तिथली सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्याखाली गेली. अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीतले कांदळवन होडीतून दाखवून महिला बचत गट कमाई करतो. या कमाईच्या जागेला खराबा म्हणणे महसूल खात्याने थांबवावे आणि खाडीकाठच्या नोंदींत सरळ ‘खाजण’ लिहावे. हा शब्द तलाठ्यालाही ठाऊक आहे आणि जमीनमालकालाही.