यंत्रं येतील, पण खोली तयार आहे का?

जालना जिल्ह्यात आता दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एक बदनापूर तालुक्यातल्या वरुडीचं, नूर हॉस्पिटलवालं, अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने उभं केलेलं. नीटचा निकाल लागला की आपल्या घरांत त्याचं नाव निघतंच. दुसरं सरकारी, 100 जागांचं. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या ज्या दहा सरकारी महाविद्यालयांचं ऑनलाइन उद्घाटन केलं, त्यात ते होतं. जागा किती, फी किती, कटऑफ कितीवर थांबला, हे सगळे विचारतात. प्रयोगशाळेच्या खोल्यांबद्दल कुणी विचारत नाही. आमच्या मते पुढचं संशोधन तिथेच अडणार आहे.

2020 आठवा. कोरोनाच्या सुरुवातीला जालन्याचे स्वॅब बाहेरच्या शहरांत जायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्यातले, तरीही आरटीपीसीआरची सोय इथं उभी राहायला वेळ लागलाच. ते मशीन टेबलावर मावतं. त्याला जागा करून देणं हे खरं काम असतं. रसायनं मिसळायची खोली वेगळी, नमुना उघडायची वेगळी, मशीनची वेगळी. माणूस आणि सामान एकाच दिशेने पुढे जाणार, मागे फिरणार नाही. एका खोलीतला कण दुसरीत शिरला तर निरोगी माणूसही पॉझिटिव्ह दिसू शकतो.

आता आपल्याकडची जुनी सरकारी इमारत डोळ्यांसमोर आणा. उंच छत, रंगाचे पापुद्रे, उघड्या खिडक्या आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. जंतूंचं काम ज्या काचेच्या कपाटात करतात, त्या बायोसेफ्टी कॅबिनेटचा हा पंखा दुश्मन. कॅबिनेटच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत ओढली जाते, आणि तोच काम करणाऱ्याचा बचाव. वरून पंख्याचा किंवा समोरून एसीचा झोत आला, कुणी दार धाडकन उघडलं, की तो पडदा फाटतो. लाखो रुपयांचं कॅबिनेट चुकीच्या कोपऱ्यात ठेवलं तर ते नुसतं कपाट. म्हणून नूतनीकरण म्हणजे रंगरंगोटी आणि नव्या टाइल्स नव्हे. टाइल्सच्या तर सांध्यांतच घाण बसते; तिथं बिनसांध्याची फरशी लागते, भिंतीला गोलाई देऊन वर चढवलेली.

वीज आणि पाण्याची गोष्ट जालनेकरांना समजावून सांगायला नको. रक्ताचे, पेशींचे नमुने वर्षानुवर्षं ठेवायचे तर उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर हवा. तो आत थंडी करतो आणि खोलीत उष्णता सोडतो. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असताना बंद खोलीत त्याचा कॉम्प्रेसर किती दिवस तग धरेल? त्याला वेगळी वायरिंग, जनरेटर, बिघाड झाला तर रात्रीही कुणाला तरी फोन जाईल असा अलार्म, हे सगळं लागतं. पाण्याचं तसंच. जायकवाडीहून पाइपलाइन आली तरी शहरात नळाला रोज पाणी नाही. शुद्ध पाणी बनवताना जे वाया जातं ते साठवून साफसफाईला वापरायची सोय नकाशातच हवी, नंतर फरशी फोडून नको. शिवाय 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्रयोगशाळेतला जंतूंचा कचरा तिथेच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यायचा असतो. म्हणजे ऑटोक्लेव्हलाही जागा आली.

जालन्याला हे जमणार नाही असं म्हणायची सोय नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको इथंच काढली, आणि 2002 मध्ये मंजुरी मिळालेल्या बीटी कापसाच्या कामात तीच कंपनी होती. कापसाच्या पेशींसाठी जी शिस्त इथल्या प्रयोगशाळांनी पाळली, ती माणसाच्या रक्तासाठी का पाळता येऊ नये? स्टील कारखान्यांच्या भट्टीपुढे उभं राहणाऱ्या कामगारांची फुफ्फुसं, शेतात फवारणी करणाऱ्यांचं रक्त, हे विषय पुण्या-मुंबईचा संशोधक आपणहून कशाला घेईल?

पैशाची वाट आहे. केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधन केंद्रं आणि विषाणू प्रयोगशाळा उभारायला मदत देतो. पण अशा मदतीचा मोठा हिस्सा यंत्रांवर जातो आणि जागा महाविद्यालयाने दाखवायची असते. खाजगी संस्थांकडे देणगीदार येतात, तेही ज्यावर नावाची पाटी लावता येईल अशा वस्तूकडे बघून. वायरिंगवर पाटी लागत नाही ना! आपल्या समाजातल्या देणाऱ्या मंडळींनी एकदा एखाद्या ट्रस्टला विचारावं, एसीच्या डक्टचा आणि जनरेटरचा खर्च आम्ही उचलला तर चालेल का.

सरकारी ठिकाणी अडचण आणखी वेगळी आहे. चालू रुग्णालयाची लॅब दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही. रोजच्या रक्ततपासण्या सुरूच राहायला हव्यात. म्हणजे आधी एक रिकामी खोली तयार करायची, काम तिथं हलवायचं, मग जुनी फोडायची. असा टप्प्यांचा आराखडा निविदेच्या आधी कागदावर यायला हवा, आणि तो करताना ठेकेदाराइतकंच तिथं रोज काम करणाऱ्या टेक्निशियनलाही बसवायला हवं. कोणत्या बोर्डावर ठिणगी उडते आणि कोणत्या बेसिनचं पाणी तुंबतं, ते त्यालाच माहीत असतं.