कागद चुकला म्हणे!

वर्ध्याचं नाव कशासाठी घेतात? सत्याग्रहासाठी. इंग्रजाला 'चालता हो' म्हणणारा काँग्रेस कार्यसमितीचा ठराव १४ जुलै १९४२ ला इथंच झाला. याच वर्ध्यात गांधीच्या नावाचं हिंदी विद्यापीठ आहे. आणि याच विद्यापीठानं ९ ऑक्टोबर २०१९ ला सहा विद्यार्थ्यांना बाहेर काढलं. गुन्हा काय? धरणं धरलं, पंतप्रधानांना पत्रं लिहिली.

दगड नाही, काठी नाही. साधं पत्र! झुंडीनं मारलेल्या माणसांबद्दल, काश्मीरबद्दल, दलितांवरच्या अत्याचारांबद्दल. दिवस कांशीरामांच्या स्मृतिदिनाचा. विद्यापीठ म्हणालं, विधानसभेची आचारसंहिता मोडली, न्यायप्रक्रियेत ढवळाढवळ केली.

आचारसंहिता असते पक्षांना, उमेदवारांना, सत्तेवरच्या सरकारला. मेसच्या डाळभातावर जगणाऱ्या पोराला ती कधीपासून लागू झाली बाप्पा? तो कोणत्या मतदारसंघातून उभा होता? घटनेचं १९ वं कलम बोलायचा हक्क देतं, शस्त्राविना शांततेनं जमायचा हक्क देतं. निवडणूक लागली म्हणून ते कलम रजेवर जात नाही.

पोरांचं म्हणणं होतं, धरण्याला शंभरेक जण होते. काढले ते सहाच. तीन दलित, तीन ओबीसी. ही निवड कोणत्या चाळणीनं झाली? ही चाळणी आम्ही ओळखतो. हजार वर्षांची आहे.

बोंबाबोंब झाली. चार दिवसांत, १३ ऑक्टोबरला, आदेश मागे. कारण काय दिलं? तांत्रिक त्रुटी, अन् नैसर्गिक न्याय. म्हणजे हक्क तुडवला ते चुकलं नाही, कागद चुकला! पुढच्या खेपेला कागद नीट लिहितील, एवढंच. तेव्हा टाळ्या पिटू नका.

'शिकायला आलात, गुपचूप शिका,' असं सांगणारे शहाणे आहेतच. अरे, गुपचूप राहायचं तर शिकायचं कायले? गुपचूप राहायला आमच्या बापजाद्यांना शाळा लागली नव्हती. बाबासाहेबांनी शिक्षणाच्या शेजारीच संघर्ष ठेवला, तो काय भिंतीवर रंगवायला?

काढणं म्हणजे नुसतं नाव खोडणं नव्हे. खोली जाते, जेवण जातं, फेलोशिप जाते. कोर्टात जायला भाडं नसतं. हैदराबादला पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढलं. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. असे आदेश माणूस खातात.

म्हणून आमचं मागणं दयेचं नाही, नियमाचं आहे. लेखी नोटीस दिल्याशिवाय, विद्यार्थ्याचं ऐकल्याशिवाय कुणालाही काढायचं नाही. चौकशी समितीत दलित, आदिवासी, ओबीसी आणि स्त्रिया बसल्या पाहिजेत. शांततेचं धरणं हा गुन्हा नाही, असं प्रत्येक कॉलेजच्या नियमपुस्तकात छापलं पाहिजे.

नाही छापलं तर पुन्हा पत्र लिहू. सहा नाही, साऱ्यांनी लिहायचं. मग काढा किती काढता ते!