भाजलं? आधी नळ!

मुलांनो, आजचं पान आई-बाबांना शेजारी बसवून वाचा बरं का!

मागच्या महिन्यात माझ्या दीड वर्षाच्या भाचीने टीपॉयवरचा चहाचा कप ओढला. मनगट भाजलं. घरात एकच धावपळ! आजीने टूथपेस्ट फासली. मी तुमचा शहाणा मास्तर, बर्फ आणायला धावलो! दवाखान्यात सिस्टर ती पेस्ट पुसू लागल्या, तेव्हा पोर आणखीच कळवळली. सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घरात नळ होता ना?"

मग त्यांनी समजावलं. चहा पुसला तरी उष्णता कातडीत राहते आणि आत भाजतच जाते. वाहतं गार पाणी ती बाहेर काढतं. म्हणून भाजलेला भाग पूर्ण 20 मिनिटं नळाखाली धरायचा. बांगडी, दोरा सूज यायच्या आत काढायचा. बाळाचं बाकीचं अंग उबदार ठेवायचं. पेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नको. फोड आला तर फोडायचा नाही. स्वच्छ सुती कापडाने झाकून डॉक्टरांकडे न्यायचं.

आणि मुळात भाजूच नये म्हणून? बाळ मांडीवर असताना हातात गरम चहा नको. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग कढत.

आता तुमचा गृहपाठ. घड्याळासमोर 20 मिनिटं गप्प बसून पाहा. संपता संपत नाहीत ना? रडणाऱ्या बाळाला तेवढा वेळ धरायला धीर लागतो. तो आजच शिकून ठेवा.

भाचीचा हात आता बरा आहे. टीपॉयवर मात्र चहाला कायमची बंदी!