शाहजोग हुंडी आणि वकिलाचा पहिला प्रश्न

कोलशेतच्या जुन्या कारखान्यांच्या जमिनींवर आता उंच गृहसंकुले उभी राहिली आहेत. तेथे घर किंवा गाळा घेणारी कुटुंबे करारापूर्वी वकिलाकडे जातात. पहिल्याच भेटीत आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा मागितला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. शब्दावर व्यवहार करणाऱ्या घराण्यांना तो अविश्वास वाटतो.

वस्तुतः हा पेढीवरचाच जुना शिरस्ता आहे. शाहजोग हुंडी घेऊन आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती पेढी रक्कम ठेवत नसे. बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच ती दिली जाई. हुंडी खोटी निघाल्यास रक्कम परत करण्याचे दायित्वही त्याच्यावर येई.

नोंदणी अधिनियम, 1908 नुसार दुय्यम निबंधक दस्त करून देणाऱ्याची ओळख पटवतो. छायाचित्रे व बोटांचे ठसे घेतले जातात. परंतु तोवर बयाण्याची रक्कम बहुधा हातची गेलेली असते. म्हणून वकिलाची चौकशी आधी हवी. 3 मे 2023 च्या अधिसूचनेने अशिलाच्या वतीने मालमत्तेचे व्यवहार करणारे सनदी लेखापाल, कंपनी सचिव व परिव्यय लेखापाल मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आले. त्या यादीत वकील नाहीत. त्यामुळे त्यांची दक्षता बव्हंशी विवेकावर अवलंबून आहे.

दक्षता सुटली तर काय घडते, हे लंडनच्या एका खटल्यात दिसले. 2014 मध्ये एका भामट्याने मालक असल्याचे भासवून परक्याचे घर एका कंपनीला विकले व सुमारे 11 लाख पौंड लांबवले. 2018 मध्ये अपील न्यायालयाने खरेदीदार व विक्रेता अशा दोन्ही बाजूंच्या वकिलांना जबाबदार धरले.

म्हणून कागदपत्रे तयार ठेवावीत. भागीदारी पेढीने भागीदारीपत्र व सही करणाऱ्याचा अधिकार दाखवावा. अविभक्त कुटुंबाने कर्त्याची, तर न्यासाने विश्वस्तांच्या ठरावाची प्रत द्यावी. मुखत्यारपत्र असल्यास ते देणारी व्यक्ती हयात आहे आणि पत्र रद्द झालेले नाही, याची खात्री करावी. आधारची प्रत शेवटचे चारच अंक दिसतील अशी द्यावी आणि प्रतीवर कारण व दिनांक लिहावा. समोरच्या विक्रेत्याची ओळख कोणी व कशी पडताळली, हेही बयाणा देण्यापूर्वी आपल्या वकिलास अवश्य विचारावे.