जुनी मोटारगाडी : डागडुजी की निरोप?

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना वाटेत, समुद्रालगत, कोवलम हे कोळ्यांचे गाव लागते. केरळातील प्रसिद्ध कोवलम ते हे नव्हे. येथील वारा सुखद खरा. परंतु त्यातील खार लोखंडाचा वैरी असतो. अशा ठिकाणी तुमच्या दारी दहा-बारा वर्षांची हायब्रिड गाडी असेल आणि कारागिराने बॅटरी बदलण्यास सांगितले, तर तो खर्च करावा काय?

हायब्रिड गाडीत पेट्रोलच्या इंजिनास विजेच्या मोटरची जोड असते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती तिच्या बॅटरीत साठते. २०१० साली भारतात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसच्या बॅटरीत २८ संच व १६८ घट होते. म्हणूनच ‘बॅटरी गेली’ एवढ्यावर विसंबू नये. नेमके काय बिघडले, ते लेखी मागावे. कधी मागील आसनाजवळचा हवेचा झरोका धुळीने तुंबलेला असतो, कधी संच जोडणाऱ्या पट्ट्या गंजलेल्या असतात. असे दोष अल्प खर्चात निघतात. मात्र एकदोन संच बदलण्याची मलमपट्टी फार टिकत नाही. उरलेलेही तितकेच जुने असतात.

बॅटरी नवी मिळते, सांगाडा मिळत नाही. यास्तव पैसे मोजण्यापूर्वी गाडी उचलून खालून पाहावी. सांगाडा किंवा चाकांचे आधार गंजाने पोखरले असतील, तर नवी बॅटरी घालणे व्यर्थ होय.

सांगाडा धड असेल, तर हिशेब मांडावा. दुरुस्तीचा खर्च गाडी आणखी जितकी वर्षे चालेल त्यांनी भागावा आणि दुसऱ्या गाडीच्या वार्षिक खर्चाशी ताडून पाहावा. पूर्वी केलेला खर्च यात धरू नये. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे योग्यता-तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते, हेही ध्यानी ठेवावे.

या बॅटरीचा दाब दोनशे व्होल्टांहून अधिक असतो. ती घरी उघडू नये. निकामी बॅटरी भंगारातही देऊ नये. २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे.

वाचकहो, जुन्या गाडीवर माया जडते, यात नवल नाही. परंतु गंजलेल्या लोखंडापायी मुलांच्या शिक्षणाची पुंजी खर्ची पडू नये. आणि केवळ धास्तीने धडधाकट गाडीही मोडीत निघू नये.