मशीन बंद आहे, पण बोटं सुरक्षित आहेत का?

झाडं कापायची चेन सॉ आता फक्त वखारीत किंवा वनखात्याकडे दिसणारी वस्तू राहिलेली नाही. पालम तालुक्यात धुऱ्यावरची बाभूळ तोडायला, वाऱ्या-वावधानात रस्त्यावर पडलेलं लिंबाचं झाड हटवायला, सरपण करायला ती सर्रास वापरली जाते. कुणी तिला 'कटर' म्हणतं, कुणी नुसतं 'झाड कापायची मशीन'. ती चालवताना जपलं पाहिजे हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. तिचा आवाजच ते सांगतो.

मला लिहायचं आहे ते वेगळ्या वेळेबद्दल. मशीन बंद पडते, गॅरेजच्या टेबलावर येते, भोवती चार जण उभे राहतात आणि मालक म्हणतो, "लवकर बघ रे, माणसं शेतात खोळंबलीत." या वेळेला कुणी धोका समजत नाही, कारण मशीन बंद असते.

माझं मत स्पष्ट आहे. गॅरेजमधली बहुतेक दुखापत नशिबाची नसते, घाईची असते. आणि त्या घाईत मेकॅनिकइतकाच मशीन घेऊन आलेल्या मालकाचाही वाटा असतो. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

बंद मशीन कशी काय कापते?

आधी एक गंमत सांगतो. साखळीची करवत मुळात लाकडासाठी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी हाड कापण्यासाठी वापरात आणली. लाकडासाठीच्या मोटारीच्या मशीन त्यानंतर शंभरेक वर्षांनी आल्या. म्हणजे हाड कापणं हे या साखळीचं पहिलं काम. ती विसरलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

पूर्ण रेसवर ही चेन एका सेकंदात साधारण २० मीटर धावते. पण बंद असतानाही तिचा प्रत्येक दात धारदारच असतो. धार लावताना कानस निसटली की सगळा जोर घेऊन हात दातांवर जातो. तर्जनी, अंगठा आणि तळहाताची कड यांना ही जखम होते. पान्हा घट्ट नटावरून सटकला तरी तेच होतं.

दुसरा प्रकार 'बंद' या शब्दाच्या भरवशाचा. पेट्रोलच्या मशीनचा स्विच ठिणगी तोडतो तो एका बारीक वायरमधून. ती वायर तुटलेली असेल तर स्विच 'बंद'वर असूनही प्लगला ठिणगी मिळत राहते. नेमकी दुरुस्तीला आलेली मशीनच अशी असू शकते. बॅटरीची मशीन तर आणखी फसवी. तिला दोरी ओढावी लागत नाही, ती आवाजही करत नाही. बॅटरी आत असताना बोट चुकून ट्रिगरवर गेलं की चेन त्याच क्षणी फिरते.

तिसरा प्रकार 'बघू चालते का' याचा. दुरुस्ती झाली की साईड कव्हर न लावता, मशीन एका हातात लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढायची. हे कौशल्य वाटतं, पण त्या क्षणी मशीनवर कुणाचाच ताबा नसतो आणि चेन मांडीपासून वीतभर अंतरावर असते.

गॅरेजमध्ये पाळायचे नियम

यातला एकही नियम महाग नाही.

१. चेनला हात लावण्याआधी स्विच बंद करा आणि स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. बॅटरीची मशीन असेल तर बॅटरी काढून खिशात ठेवा. विजेची असेल तर पिन काढा. याला दहा सेकंद लागतात. एकच नियम पाळणार असाल तर हा पाळा.

२. नुकतीच चाललेली मशीन थंड होऊ द्या. सायलेन्सर आणि सिलिंडर चांगलेच भाजतात. गरम मशीनवर पेट्रोल सांडलं तर ती पेटते. पेट्रोल भरताना बिडी, स्टोव्ह, वेल्डिंग जवळपास नको.

३. धार लावताना बार वाइसमध्ये घट्ट धरा. मांडीवर मशीन घेऊन कानस मारू नका. जाड चामडी हातमोजे घाला. कानशीला मूठ हवी, आणि तिचा धक्का बोटांच्या दिशेने नाही, बोटांपासून लांब गेला पाहिजे. चेनच्या मापाची गोल कानस वापरा. मापाबाहेरच्या कानशीला जास्त जोर लागतो आणि जास्त जोरातच हात सटकतो.

४. दातापुढची बुटकी खूण अंदाजाने घासू नका. ती जास्त घासली की मशीन "चांगली ओढते" असं वाटतं, पण दात लाकडात जास्त खोल घुसतो आणि बार उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे यायची भीती वाढते. तुमच्या टेबलावर झालेली ही चूक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटू शकते.

५. चेन ब्रेक हा शोभेचा दांडा नाही. "मध्ये मध्ये लागतो" म्हणून ग्राहक तो काढून टाकायला सांगतो. स्पष्ट नाही म्हणा. ब्रेक बिघडलेला असेल तर मशीन दुरुस्त झाली असं समजू नका.

६. सुरू करून बघताना सगळी कव्हरं लावलेली हवीत. मशीन जमिनीवर ठेवा, ब्रेक लावा, मागच्या मुठीत बुटाचा पाय, पुढची मूठ डाव्या हातात, मग दोरी ओढा. सुरू झाल्यावर ब्रेक सोडा आणि रेस न देता बघा. चेन जागच्या जागी थांबलेली पाहिजे. ती सरकत असेल तर आयडलिंग किंवा क्लचचं काम बाकी आहे.

७. गळ्यात उपरणं, लोंबता गमछा, सैल बाही, हातात कडं किंवा अंगठी नको. आणि बघ्यांना, विशेषतः पोरांना, लांब उभं करा.

मेकॅनिक मंडळी म्हणतात, "डॉक्टर, हातमोजे घातले की पकड राहत नाही, आणि ग्राइंडरवर तर हातमोजाच ओढला जातो." दुसरी गोष्ट खरी आहे. फिरत्या चाकाजवळ सैल कापडी हातमोजा धोक्याचाच. पण थांबलेली चेन हाताळताना, बसवताना, कानस मारताना हातमोजा घालायलाच हवा. कुठे घालायचा आणि कुठे काढायचा हे कळणं म्हणजेच कारागिरी. "वीस वर्षं झाली, काही झालं नाही" हा मात्र युक्तिवाद नव्हे. बोट जायला वीस वर्षं लागत नाहीत.

रक्त न येणाऱ्या दुखापती

बोट कापलं की सगळे धावतात. पण गॅरेजमध्ये काही दुखापती गुपचूप होतात.

डोळा: चेनला ग्राइंडरने धार लावताना तापलेला कण बुबुळावर बसतो. अडकलेला क्लच छिन्नी-हातोडीने ठोकताना पोलादाचा तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा उडून डोळ्याच्या आत जाऊ शकतो. बाहेरून फक्त लालसर दिसतं, दुखणंही कमी असतं, म्हणून माणूस दोन दिवस थांबतो. थांबू नका. रुमालाच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने कण काढायचा उद्योग करू नका. डोळा चोळू नका, दाबू नका आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. साधा संरक्षक चष्मा हे सगळं टाळतो. बहुतेक क्लच उलट्या आट्याचे असतात हे लक्षात ठेवलं आणि योग्य पान्हा वापरला, तर ठोकायची वेळही कमी येते.

कान: पेट्रोलच्या मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानापाशी १०० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा मानतात. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. रोज टेस्टिंग करणाऱ्याने इअर मफ वापरावेत. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

श्वास: शटर ओढून आत इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर सुरू झाली तर ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि दवाखान्यात जा.

पेट्रोल: नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढणं ही आपल्याकडची जुनी खोड. त्याचा थेंब फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो, कधी जिवावरही बेततं. गिळलं गेलं तर उलटी करवू नका. उलटी होताना तेच पेट्रोल फुप्फुसात जातं. मीठपाणी, दूध काही पाजू नका, सरळ दवाखाना गाठा. हातपंप फार महाग येत नाही. आणि पेट्रोलने हात धुणंही बंद करा. त्वचेचं तेल निघून जातं, भेगा पडतात, खाज सुटते. साबण-पाणी पुरेसं आहे.

कापलंच तर

स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर थेट आणि घट्ट दाबा. दहा मिनिटं सलग. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघू नका. हात छातीच्या वर धरा. त्या हातातली अंगठी लगेच काढा, नंतर सुजेमुळे निघत नाही. हळद, चहा-कॉफीची पावडर, ऑईल, पेट्रोल, चुना काहीही भरू नका. जखम आम्हाला दिसली पाहिजे आणि स्वच्छ करता आली पाहिजे.

बोटाच्या बुडाला सुतळी किंवा वायर आवळून बांधू नका. हाता-पायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, जीवच धोक्यात असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते फेकू नका. चेनने फाटलेलं प्रत्येक बोट जोडता येतंच असं नाही, पण तो निर्णय सर्जनला घेऊ द्या. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागता कामा नये. नीट थंड ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडलं जाऊ शकतं. मनगटापासून हात तुटला असेल तर वेळ फार कमी, सहा तासांचं गणित धरतात. लोंबकळणारं बोट ओढून तोडू नका. जखमीला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

पालमहून गंगाखेड, परभणी किंवा नांदेड, कुठेही न्यायचं असलं तरी निघतानाच १०८ ला किंवा त्या दवाखान्यात फोन करून विचारा की हाताची अशी शस्त्रक्रिया तिथे होते का. तीन दवाखाने फिरण्यात जाणारा वेळ बोटाच्या वाट्यातून जातो.

जखम लहान असली तरी एक परीक्षा करा. बोटाचं प्रत्येक पेर वेगवेगळं वाकतं का आणि सरळ होतं का? टोकाला स्पर्श कळतो का? नाही म्हणजे आतली शीर, म्हणजे स्नायूबंध किंवा मज्जातंतू, तुटली असू शकते. तिथे नुसते दोन टाके घालून भागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल का, हे प्रत्येक जखमेच्या वेळी विचारा.

बोटाची किंमत कोण देतं?

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात अपघाती मृत्यूला किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. पण ती वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. गॅरेजमधल्या भूमिहीन पोराला ती लागू होत नाही. त्याच्या अंगठ्यावरच घर चालतं, आणि अंगठा गेला तर हाताचं जवळजवळ निम्मं काम जातं.

म्हणून मालकांना माझी विनंती आहे. मशीन टाकताना "संध्याकाळी नेतो" म्हणा आणि निघून जा, डोक्यावर उभे राहू नका. मजुरीत घासाघीस करून त्याचे चष्म्याचे आणि हातमोज्याचे पैसे कापू नका. आणि गॅरेजवाल्यांना सांगणं असं की हाताखाली शिकणाऱ्या पोराला पान्हा देण्याआधी प्लगची टोपी काढायला शिकवा. पहिल्या दिवशी जे शिकवाल तेच तो पुढे शिकवील.

तुमच्याकडे मशीन असेल तर आज एवढंच करा. स्विच 'बंद'वर टाकल्यावर इंजिन खरंच लगेच बंद पडतं का ते बघा. पडत नसेल तर दुरुस्तीला टाकताना ही गोष्ट मेकॅनिकला सगळ्यात आधी सांगा.