नोंद न वाचता ‘मदरबोर्ड गेला’ म्हणू नका

कन्हानसारख्या कोळसा खाणींच्या गावात लॅपटॉप आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीची जाहिरात, सगळं त्यावरच. घरात बहुधा एकच, तोही जुना. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि असे कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून पोरं त्यांवर लिनक्स टाकतात. चांगलंच करतात.

मग एक दिवस यूएसबीला माउस लागत नाही, ब्लूटूथ गायब होतं. दुकानात दोनच निकाल ऐकू येतात : ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘लिनक्सनेच बिघडवलं, काढून टाका’. माझा आक्षेप या निकालांवर आहे, कारण दोन्ही पुरावा न पाहता दिलेले असतात. आणि पुरावा तर यंत्रानेच लिहून ठेवलेला असतो!

टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसग’ चालवा. यूएसबीच्या ओळीत उणे ७१ दिसलं तर यंत्रांचा आपसातला संवाद तुटतोय. आधी केबल आणि सॉकेट बदलून पाहा. उणे ११० म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. कारण अपुरी वीज, वीजबचतीची झोप किंवा खरोखर बिघडलेलं उपकरण. बहुतेक लॅपटॉपमधलं ब्लूटूथ आतून यूएसबीलाच जोडलेलं असतं, म्हणून दोन्ही तक्रारी कधी कधी एकत्र येतात. ब्लूटूथच्या ओळीत फर्मवेअर आणि उणे २ असेल तर फाइलच सापडलेली नाही. फर्मवेअरचं पॅकेज अद्ययावत करा. ‘आरएफकिल लिस्ट’ने ब्लूटूथ नुसतंच बंद केलेलं आहे का तेही कळतं. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवल्यावर अडकलेली चिप पुष्कळदा जागी होते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

सॉकेट खरंच तुटतं, चिप खरंच जळते. तेव्हा कारागिराला त्याची मजुरी आनंदाने द्यावी. पण अनेक लॅपटॉपमध्ये एका बाजूचे यूएसबी सॉकेट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात. तो तुकडा बदलून भागत असताना अख्खा मदरबोर्ड गळ्यात मारणं ही दुरुस्ती कशी म्हणायची?

‘गिऱ्हाइकाला यातलं काय कळतं’ हे उत्तर मला मान्य नाही. कळत नाही म्हणूनच तर तो तुमच्याकडे येतो. लिनक्सच्या अभिमान्यांनीही कॉलर ताठ करू नये : न समजावता ‘ही आज्ञा चिकटव’ म्हणणाराही त्याला अडाणीच ठेवतो. आणि चिप विकून फर्मवेअर कुलपात ठेवणाऱ्या कंपन्या तर या सगळ्यातून नामानिराळ्या राहतात. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पण हक्क दिल्लीतून कन्हानला पोचायचा तर दुकानाच्या काउंटरवर तो मागावा लागेल.

तेव्हा पैसे मोजण्याआधी एवढंच म्हणा : ‘भाऊ, नोंदीतली ती ओळ दाखवा.’